झीचे दुखणे आकाराचे नव्हे

सोनीशी विलीनीकरण झाले असते तर ‘झी’ सावरली असती, हे अर्थविषयक चर्चांमध्ये गृहीतच धरले जाते. 22 जानेवारी 2024 रोजी सोनीने करार मोडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिलायन्स आणि डिस्नेची 70,352 कोटी रुपये मूल्याची संयुक्त कंपनी उभी राहिली. तिच्यापुढे एकट्या झीचा टिकाव कसा लागणार, असा हा युक्तिवाद. क्रिकेटच्या हक्कांसाठी मोठे भांडवल लागते आणि सोनीबरोबर ते येणार होते, एवढे मान्य.

पण दुखण्याची सुरुवात आकारातून झालेली नाही. 25 जानेवारी 2019 रोजी झीचा समभाग एका दिवसात सुमारे 26 टक्के कोसळला, तेव्हा कंपनी चांगल्या नफ्यात होती. अडचणीत होता प्रवर्तकांचा एस्सेल समूह, आणि त्याच्या कर्जांसाठी तारण होते झीचे समभाग. पायाभूत प्रकल्पांत हात पोळल्याचे समूहप्रमुख सुभाष चंद्रा यांनीच धनकोंना लिहिलेल्या खुल्या पत्रात मान्य केले. पुढे इन्व्हेस्को ओपनहायमर या गुंतवणूक फंडाने 11 टक्के हिस्सा 4,224 कोटींना घेतला. त्यातला एक रुपयाही झीच्या तिजोरीत आला नाही, कारण विकला गेला तो प्रवर्तकांचा हिस्सा. तो 42 टक्क्यांच्या आसपास होता, अशा विक्रींनंतर चारवर आला. कारभाराची सूत्रे मात्र चंद्रा घराण्याकडेच राहिली. सोनीशी बोलणी फिसकटली तीही मुख्य कार्यकारी कोण, याच मुद्द्यावर. नियोजित कंपनीत सोनीचा वाटा 50.86 टक्के असणार होता, तरी हा तिढा सुटला नाही. मग प्रश्न आकाराचा कसा?

म्हणूनच जुलै 2025 मधला भागधारकांचा नकार मला रास्त वाटतो. प्रवर्तकांना 2,237 कोटींचे, समभागांत बदलता येणारे वॉरंट घेऊन हिस्सा 18.4 टक्क्यांवर न्यायचा होता. 75 टक्के मते हवी होती, पडली 59.5. कंपनीकडे दोन हजार कोटींहून अधिक रोकड असताना या पैशाची निकड पटण्याजोगी नव्हती.

झीचे खरे बळ भाषांमध्ये आहे. 1999 मध्ये ‘अल्फा मराठी’ म्हणून सुरू झालेली आजची ‘झी मराठी’, तिच्या बंगाली, कन्नड, तेलुगू भावंडवाहिन्या: हा प्रेक्षक राखायला क्रिकेटच्या लिलावात उतरावे लागत नाही. चांगले लेखक लागतात, आणि पैसा कुठे जातो हे प्रवर्तकांना ठणकावून विचारणारे स्वतंत्र संचालक लागतात.

ते संचालक भागधारकांच्या मतांनीच नेमले जातात. तुमच्या डीमॅट खात्यात झीचे थोडे जरी समभाग असले, तरी वार्षिक सभेच्या ई-मतदानाची सूचना न वाचता पुसून टाकू नका. मत द्या.