चौसष्ट कलांचा अधिपती आणि मिनिटभराची कमाई

गणरायाला चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती मानण्याची आपली परंपरा आहे. त्या कलांत गेल्या काही वर्षांत आणखी एकीची भर पडली असून ती शिकण्यास ना गुरू लागतो, ना रंगमंच. हातातील मोबाईल आणि थोडे धाडस एवढे भांडवल पुरते. साडेतीन गणेशपीठांत ज्याची गणना होते ते राजूरचे महागणपतीचे स्थान भोकरदन तालुक्यात आहे, आणि त्याच तालुक्यातील हसनाबादसारख्या गावी आज आरतीच्या ताटाबरोबर मोबाईलही उंचावले जातात. अंगारकीला राजूरची वाट पायी चालणाऱ्या तरुणांपैकी कित्येकांची दृष्टी कळसाकडे असते तितकीच हातातल्या पडद्याकडे असते. याबद्दल नाक मुरडणे सोपे आहे. आम्ही तसे करणार नाही.

लोकमान्यांनी १८९३ पासून गणेशोत्सवास सार्वजनिक रूप दिले, आणि त्यातून निघालेल्या मेळ्यांनी कितीतरी होतकरू गळ्यांना पहिले श्रोते मिळवून दिले. मेळ्यातला पोरगा शाल-श्रीफळावर खूष असे. आजचा तरुण मात्र पहिल्याच दिवशी विचारतो, ‘यातून पैसे किती?’ या प्रश्नात आम्हांस काही वावगे दिसत नाही. ज्या मुलखात कापूस आणि सोयाबीन पावसाच्या लहरीवर, आणि पीक आले तरी भाव बाजाराच्या लहरीवर, तेथे पदवी घेऊन घरी बसलेल्या मुलाने कमाईची नवी वाट शोधावी हे स्वाभाविकच होय. हिशेब मात्र त्याला कोणी नीट सांगत नाही. सांगतात ते बहुधा शिकवणीचे शुल्क उकळणारे.

तो हिशेब असा. यूट्यूबच्या छोट्या चित्रफितींवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा १ फेब्रुवारी २०२३ पासून मिळू लागला. तो मिळण्यास केवळ छोट्या चित्रफिती करणाऱ्याकडे १,००० सदस्य आणि ९० दिवसांत १ कोटी प्रेक्षणे असावी लागतात. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या घरात होती. म्हणजे जिल्ह्यातील प्रत्येकाने, तान्ह्या मुलासकट, तीन महिन्यांत आपली चित्रफीत पाच वेळा पाहावी, तेव्हा कोठे दार उघडते. ५०० सदस्य आणि ९० दिवसांत ३० लाख प्रेक्षणे झाली तर एक लहानसे दार आधी उघडते खरे, पण त्यातून जाहिरातीचा पैसा येत नाही. चाहत्यांनी स्वखुशीने दिलेले तेवढेच पदरी पडते. शिवाय ३१ मार्च २०२५ पासून पडद्यावर दिसणारा आकडा आणि कमाईसाठी धरला जाणारा आकडा हे दोन वेगळे झाले आहेत. चित्रफीत नुसती सुरू झाली तरी पहिला आकडा वाढतो. दुसऱ्यासाठी प्रेक्षक तीवर थांबावा लागतो. पहिल्यावर हुरळून कर्जाने नवा मोबाईल घेणाऱ्याने हा भेद आधी जाणून घ्यावा.

दार उघडल्यावरही जो पैसा निर्मात्यांच्या वाट्यास ठरतो त्याचे ४५ टक्केच हाती येतात. त्यातही संगीताची मेख आहे. चित्रफितीत एक गाणे वापरले तर तिच्यापोटी जमणाऱ्या रकमेचा अर्धा भाग आधीच संगीताच्या खर्चाकडे वळतो. दोन वापरली तर दोन तृतीयांश. उत्सवाच्या दिवसांत ही गोष्ट विशेष ध्यानी धरावयास हवी. समर्थांची म्हणून परंपरेने ओळखली जाणारी गणपतीची आरती कोणाच्याही मालकीची नाही, पण तिचे अमुक गायिकेच्या आवाजातले ध्वनिमुद्रण कंपनीचे असू शकते, आणि १९५७ च्या कायद्यानुसार तो हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. मंडपात, धार्मिक विधीत ते लावण्यास कायद्याने सूट दिली आहे. तेच चित्रफितीला जोडून कमाई करू म्हणाल तर त्या सुटीचा आधार मिळेल असे समजू नये. यावर उपाय गावातच आहे. हसनाबादच्या भजनी मंडळाने स्वतः म्हटलेली आरती, स्वतःच्या टाळ-मृदंगावर, त्यांना विचारून टिपावी. ती ऐकायला बरीही वाटते.

या धंद्याची दुसरी कमजोरी म्हणजे त्याची जमीन आपली नव्हे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी उपयोजनांवर बंदी घातली आणि खेड्यापाड्यांतील कितीतरी पोरांची जमवलेली प्रेक्षकमंडळी एका रात्रीत नाहीशी झाली. त्याच वर्षी इन्स्टाग्रामचे रील आणि यूट्यूबचे शॉर्ट्स येथे अवतरले खरे, पण सगळी पेरणी नव्याने करावी लागली. अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर) जिल्ह्यातील सारोळा कासारच्या सुमन धामणे या आजी नातवाच्या साह्याने घरगुती पाककृती दाखवून ‘आपली आजी’ या नावाने ख्यातनाम झाल्या. त्यांचे चॅनेलही ऑक्टोबर २०२० मध्ये चोरट्यांनी बळकावले होते. सुदैवाने ते परत मिळाले. आजींकडे मात्र चोराला नेता न येणारी एक गोष्ट होती, ती म्हणजे हातची चव. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातली हिरवी मिरची, जालन्यातली रेशीमकोषांची खरेदी, वेचणीच्या वेळची कापसाची पारख, ही आमच्या भागाची हातची चव होय, आणि दुसऱ्याच्या गाण्यावर ओठ हलविणाऱ्या हजारोंत ती ओळखू येते. १५ जुलै २०२५ पासून यूट्यूबनेही साच्यातून काढल्यासारख्या चित्रफितींना कमाई न देण्याचा आपला नियम अधिक स्पष्ट केला आहे.

नवख्याला पहिला रुपया मात्र बहुधा यूट्यूबकडून येत नाही. तो भोकरदनच्या कापडदुकानाकडून किंवा खताच्या दुकानदाराकडून येतो. दोन हजारांत साडी दाखविली, झाले! त्यात गैर काही नाही, पण जाहिरात आहे हे चित्रफितीत स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये तसे मार्गदर्शन प्रसिद्ध केले असून दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बियाणे वा औषध स्वतः न वापरता त्याची भलामण करणाऱ्याने, ती पाहून पेरणी करणारा आपलाच चुलता असू शकतो, हेही मनात आणावे.

आणि एक जिवाची गोष्ट. जून २०२४ मध्ये खुलताबादजवळ सुलीभंजनच्या दत्तधाम परिसरात रीलसाठी मोटार मागे घेताना एक तरुणी गाडीसह दरीत कोसळून मरण पावली. विसर्जनाच्या दिवशी विहिरीच्या काठावर पाठमोरे उभे राहून मोबाईल धरणाऱ्या पोरांना मंडळाच्या कार्यकर्त्यांनी हात धरून मागे ओढावे. रागावली तर रागावू द्यावीत.

कमाई सुरू झालीच, तर एक किरकोळ वाटणारी बाब. खाते अठरा वर्षांखालील मुलाचे असेल तर पैशाचा व्यवहार पालकाच्या नावे करावा लागतो, आणि तेथील नाव बँकेतील नावाशी अक्षरशः जुळावे लागते. खात्यात दहा डॉलर जमले की पत्त्याच्या पडताळणीसाठी गूगल साध्या टपालाने एक लिफाफा पाठविते. त्यातील क्रमांक चार महिन्यांत भरला नाही तर जाहिराती थांबतात. शंभर डॉलर झाल्यावर पैसे बँकेत येतात, पण आधी हा क्रमांक हवा. खेड्यात घराला क्रमांक नसतो, गल्लीला नाव नसते, आणि एका आडनावाची दहा घरे असतात. तेव्हा पत्त्यात वडिलांचे नाव आणि जवळच्या देवळाची खूण घालावी, आणि पोस्टमनला आधीच भेटून सांगून ठेवावे.