मधल्या खंडाची उपेक्षा

तीन खंडांच्या अद्भुत कादंबरीचा मधला खंड वाचण्याचें कारण नाहीं, पहिल्यानें कथा कळते व तिसऱ्यानें शेवट कळतो, असा अभिप्राय हल्लीं सुशिक्षित घरांतून सर्रास ऐकूं येतो. तो आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

उदाहरण अगदीं लोकप्रिय घेतों. अमीश त्रिपाठी यांच्या शिवकथेचे तीन खंड इंग्रजींत २०१०, २०११ व २०१३ या सालीं निघाले व पुढें मराठींतही आले. पहिल्या खंडांत शिव मेलुहाच्या सांगण्यावरून चंद्रवंशीयांस दुष्ट मानून लढतो, आणि जिंकल्यावर त्यास उमगतें कीं, तेही माणसेंच आहेत. मग दुष्ट कोण? नाग! येथें मधला खंड, ‘नागांचे रहस्य’, वगळून पाहा. जन्मतः व्यंग असल्यामुळें मेलुहानें हांकून दिलेलीं माणसें म्हणजेच नाग. त्यांत सतीची जुळी बहीण काली, आणि मृत जन्मला असें सांगून सतीपासून तोडलेला तिचाच पुत्र गणेश. ज्या बृहस्पतीच्या मृत्यूचा सूड घ्यावयाचा, तो पंचवटींत जिवंत सांपडतो! हा धक्का ज्यानें सोसला नाहीं, त्यास तिसऱ्या खंडांतील युद्ध म्हणजे नुसती शस्त्रांची गर्दी वाटणार.

ही पंचवटी गोदावरीकांठची. तीच गोदावरी पुढें परभणी जिल्ह्यांतून वाहते. तेव्हां चारठाण्याच्या वाचकास हें रहस्य परमुलुखांतलें नव्हे. त्याच्या गांवचीं यादवकालीन देवळें प्रसिद्धच आहेत. आपल्या देवळांच्या रचनेंत मंडप व गाभारा यांच्यामध्यें अंतराळ असतें. उजेडांतून अंधारांत जातांना डोळ्यांस अवधी मिळतो तो तेथेंच. तें अरुंद आहे, सबब पाडून टाका, असें अद्याप कोणी सुचविलेलें नाहीं.

मधल्या खंडास ना आरंभ ना शेवट, असा आक्षेप आहे. टोल्किन यांची एकच दीर्घ कादंबरी प्रकाशकानें खर्चाच्या धास्तीनें तीन खंडांत तोडली. १९५४ सालीं निघालेला तिचा दुसरा खंड नायक शत्रूच्या हातीं सांपडला असतां संपतो, व वाचकांस १९५५ च्या आक्टोबरपर्यंत ताटकळावें लागलें. तरी तो खंड कोणी फुकट म्हटला नाहीं. आणि रामायणाचें काय? शूर्पणखा, मारीच, सीताहरण, जटायु हें सारें अरण्यकांडांतलें. बालकांड व युद्धकांड वाचून पारायण झालें, असें कोणी म्हणेल काय?

‘नागांचे रहस्य’ निर्दोष आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. संवाद मधूनच आजच्या कचेरींतल्या गप्पांसारखे होतात, व शेवट दार आपटल्यासारखा येतो. पण हे दोष लेखणीचे, जागेचे नव्हेत.

तिसरा खंड एकदम हातीं दिलेला मुलगा आरंभींच विचारणार: कालचा शत्रु गणेश आज शिवाच्या घरांत कसा? मधला खंड न उघडलेल्या बापानें त्यास काय सांगावें?