घर्षणाचा धडा वाळूवर

मालवणच्या किनाऱ्यावर रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून होणाऱ्या मासेमारीची, होडी पाण्याबाहेर ओढली जाते, त्या वेळी बल आणि गतीचे सारे नियम विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर घडत असतात. तरीही हे प्रकरण वर्गात केवळ फळ्यावरच्या ठोकळ्यावर शिकवले जावे, ही खेदाची बाब आहे.

एकट्याने कितीही रेटा दिला तरी होडी हलत नाही, कारण स्थितिक घर्षण, म्हणजे स्थिर वस्तूला सरकू न देणारे बल, लावलेल्या बलाइतकेच वाढत जाऊन त्याला निष्प्रभ करते. मात्र या वाढीला मर्यादा असते आणि सर्वांचा जोर एकाच क्षणी पडला की ती ओलांडली जाते. होडी ओढताना हाळी देऊन ताल धरतात, त्यामागचे भौतिकशास्त्र हेच. होडी एकदा हलली की तिला अडवणारे गतिक घर्षण सामान्यतः स्थितिक घर्षणाच्या या मर्यादेहून कमी असते, म्हणून तिला मध्येच थांबू न देणे शहाणपणाचे ठरते. होडी एकाच वेगाने सरकत असेल, तर ओढ आणि विरोध समसमान असतात, म्हणजेच एकूण बल शून्य असते; न्यूटनने 1687 मध्ये मांडलेला हा पहिला नियम पाठ असूनही अनेकांना पटलेला नसतो.

वाळूचा ओलावाही महत्त्वाचा आहे. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील संशोधकांनी 2014 मध्ये दाखवले, की योग्य प्रमाणात भिजलेल्या वाळूवर घसरगाडी ओढण्यास कोरड्या वाळूच्या तुलनेत सुमारे निम्मे बल पुरते, कारण पाण्यामुळे कण एकमेकांना धरून राहतात आणि पुढे वाळूचा ढीग साचत नाही.