व्हेंटिलेटरवरचा न्यूमोनिया: घरून आला की दवाखान्यात लागला?

तालुक्याहून पेशंट जिल्ह्याला हलवला जातो, आयसीयूत व्हेंटिलेटर लागतो आणि चार-पाच दिवसांनी डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, "आता न्यूमोनिया झालाय." पेशंट तर डोक्याला मार लागून आला होता, मग छातीत हे कुठून आलं? बाहेर चटईवर बसलेले नातेवाईक एकमेकांकडे बघत राहतात.

यासाठी डॉक्टरांकडे एक रेघ आहे, ४८ तासांची. व्हेंटिलेटर लावून एवढे तास उलटल्यावर न्यूमोनिया झाला, तर तो व्हेंटिलेटरशी जोडलेला, म्हणजे व्हीएपी, धरतात. श्वासनलिकेत नळी असते, खोकला नीट निघत नाही. तोंडातली लाळ नळीच्या कडेने खाली झिरपते आणि जंतू फुप्फुसात उतरतात. त्यात क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर यांसारखे, नेहमीच्या औषधांना दाद न देणारे जंतू बरेचदा असतात.

ओळखणं मात्र सोपं नाही. एक्स-रेवरचा पांढरा डाग फुप्फुसात पाणी साठल्यानेही दिसतो. ताप, कफ, रक्ततपासणी, कल्चर हे सगळं जुळवूनही दोन डॉक्टरांचं मत वेगळं पडू शकतं. म्हणून अमेरिकेच्या सीडीसीने २०१३ पासून मोजणीची पद्धत बदलली. दोन दिवस स्थिर असलेल्या पेशंटला पुढचे दोन दिवस यंत्रातून ठराविक प्रमाणात जास्त ऑक्सिजन किंवा दाब द्यावा लागला, की आधी त्याची नोंद घ्यायची आणि मग संसर्ग तपासायचा. आकडा यंत्रावरच असतो, त्यामुळे वादाला जागा कमी. अर्थात ही पद्धत मोजणीची आहे, उपचार ठरवण्याची नाही.

हिशेब होतो दर हजार व्हेंटिलेटर-दिवसांमागे. दहा यंत्रं महिनाभर चालली तर ३०० दिवस; त्यात तीन जणांना व्हीएपी झाला तर दर १०. खरी गोम इथेच आहे. जो दवाखाना मोजतच नाही, त्याचा दर कागदावर शून्य राहतो, आणि प्रामाणिकपणे मोजणारा उगाच वाईट दिसतो. यंत्रं किती आली याच्या बातम्या कोविडनंतर भरपूर झाल्या. हे दिवस रोज कोण लिहून ठेवतं, हे कुणी विचारत नाही.

नातेवाइकांना भेटीच्या वेळी विचारता येतं: खाटेची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर आहे का, तोंड रोज साफ होतं का, नळी काढता येईल का हे रोज तपासतात का? नळी टाकल्याची तारीख-वेळ आणि कल्चरचा रिपोर्ट मागून ठेवावा. पेशंट दुसरीकडे हलवायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरांना तो लागतो.