विश्लेषण : थेरपिस्ट शाळेपर्यंत आले, वर्गात कधी येणार?

मुलाचे नाव पटावर आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आहे. तालुक्याच्या गट साधन केंद्रात थेरपीही सुरू आहे. तरीही वर्गात ते मूल मागच्या बाकावर नुसते बसून असते आणि खेळाच्या तासाला इतरांची दप्तरे सांभाळते. थेरपी आणि शाळा एकाच मुलाच्या आयुष्यात समांतर चालतात, एकमेकींना भेटत नाहीत. थेरपिस्टची टंचाई हे त्याचे एक कारण आहे. पण त्याहून मोठे कारण म्हणजे शाळेतील थेरपीचे नेतृत्व कोणी करायचे आणि तिचे यश कशावर मोजायचे, हेच ठरलेले नाही.

शाळेतील थेरपी दवाखान्यापेक्षा वेगळी कशी?

फिजिओथेरपिस्ट मुलाच्या बसण्या-चालण्यावर आणि हालचालींवर काम करतात. लिहिणे, जेवणे, कपडे घालणे अशी रोजची कामे जमावीत, हे ऑक्युपेशनल थेरपिस्टचे क्षेत्र. स्पीच थेरपिस्ट बोलणे, समजणे आणि संवाद यांकडे पाहतात. दवाखान्यात या तिघांचा प्रश्न साधारणपणे शरीराचा असतो : स्नायू किती ताठर आहेत, सांधा किती वाकतो, उच्चार किती स्पष्ट आहे? शाळेत प्रश्न बदलायला हवा : वर्गातल्या कोणत्या गोष्टीत मुलाला भाग घेता येत नाही आणि का?

समजा, तिसरीतल्या एका मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. ‘बोटांची ताकद वाढवणे’ हे दवाखान्याचे उद्दिष्ट झाले. ‘तीन महिन्यांत फळ्यावरच्या पाच ओळी वर्गासोबत वहीत उतरवणे’ हे शाळेचे उद्दिष्ट. दुसरे उद्दिष्ट घेतले की थेरपिस्टला वर्गात जाऊन बघावेच लागते. मग कळते की, बाक उंच असल्याने तिचे पाय लटकतात आणि सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते. पायाखाली एक लाकडी पाट, जाड पेन्सिल, वहीखाली उतरती फळी आणि पुढच्या रांगेत जागा एवढ्या बदलांनी अर्धे काम होऊ शकते. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. वर्ग बघायला आलेला जाणकार माणूस लागतो.

संशोधनही याच दिशेने बोट दाखवते. ऑस्ट्रेलियातील संशोधक आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सीवरील उपचारांचे २०१३ आणि २०२० मध्ये विस्तृत आढावे घेतले. मुलाने स्वतः, खऱ्या कामाचा, ठरलेल्या उद्दिष्टासाठी सराव करणे हे त्यात परिणामकारक पद्धतींमध्ये गणले गेले. थेरपिस्टने मुलाचे हातपाय हलवून देण्यावर आधारलेल्या पद्धतींना तसा आधार मिळाला नाही.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे. कायद्याच्या कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कलम १६ अधिक महत्त्वाचे आहे. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी कराव्यात आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग, प्रगती व शिक्षणपूर्ती यांवर लक्ष ठेवावे, असे ते सांगते. म्हणजे ‘सहभाग’ हा शब्द कायद्यातच आहे. तो अहवालाच्या रकान्यांत मात्र क्वचितच दिसतो.

विशेष शिक्षकांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर १० विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढील वर्गांत १५ विद्यार्थ्यांमागे एक असे प्रमाण सांगितले. त्यामुळे निदान पदांची मागणी करायला आधार मिळाला. पण हे प्रमाण विशेष शिक्षकांचे आहे, थेरपिस्टचे नाही.

घडी कुठे विस्कटते?

एकाच मुलाची नोंद दोन-तीन वह्यांत होते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत तपासणी करतात आणि गरजू मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. हा कारभार आरोग्य विभागाचा. समग्र शिक्षा अभियानातील समावेशित शिक्षणाचा भाग शालेय शिक्षण विभागाकडे. विशेष शाळा आणि प्रमाणपत्राशी जोडलेल्या अनेक योजना पाहण्यासाठी महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे.

व्यावसायिक नियमनाच्याही दोन वाटा आहेत. विशेष शिक्षक आणि स्पीच थेरपिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेच्या कक्षेत येतात. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी हे व्यवसाय २०२१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या आयोगाच्या कक्षेत गेले. प्रत्येकाची नोंद, अहवाल आणि वरिष्ठ वेगळे. मुलाच्या आईला मात्र हे सगळे एकाच दिवसात, एकाच एसटीने करायचे असते. तालुक्याला जाण्यात तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो आणि मुलाची शाळाही.

त्यात पैशांची मर्यादा आहे. समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद आहे आणि त्यात साहित्य-साधनांपासून थेरपीपर्यंत बरेच काही बसवावे लागते. अशा वेळी शिबिरे किती, सत्रे किती, साहित्य वाटप किती हे आकडे दाखवणे सोपे पडते. मुलगी वर्गात लिहू लागली का, हे दाखवायला रकानाच नसतो.

इतर देशांत काय केले जाते?

अमेरिकेत १९७५ च्या कायद्यापासून फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी या शिक्षणाला पूरक ‘संबंधित सेवा’ मानल्या जातात. मुलाला शिक्षणाचा लाभ घेता यावा यासाठी ती सेवा गरजेची आहे का, ही तिथली कसोटी आहे. पालक, शिक्षक आणि गरजेप्रमाणे थेरपिस्ट एकत्र बसून मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा लिहितात.

कॅनडातील ओंटारियो प्रांतात मॅकमास्टर विद्यापीठाच्या कॅनचाइल्ड संशोधन केंद्राने ‘पार्टनरिंग फॉर चेंज’ हे प्रारूप विकसित केले. त्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट मुलाला वर्गाबाहेर नेत नाही, स्वतः वर्गात येतो. आधी सगळ्या वर्गाला उपयोगी पडतील असे बदल, मग ज्यांना अडचण येते त्यांच्यासाठी वेगळी पद्धत आणि शेवटी एखाद्या मुलासाठी खास सोय, अशा पायऱ्या आहेत. मदत सुरू व्हायला निदानाच्या कागदाची वाट पाहावी लागत नाही. शिक्षकाला शिकवणे हा त्यात थेरपिस्टच्या कामाचाच भाग आहे.

ओंटारियोचा पैसा आणि मनुष्यबळ आपल्याकडे नाही, हे खरे. पण उलट बाजूनेही पाहायला हवे. थेरपिस्ट जितके कमी, तितके त्यांचे ज्ञान शिक्षक आणि पालकांच्या हाती पोहोचणे अधिक गरजेचे. आठवड्यातून एकदा अर्धा तास थेरपिस्टकडे झालेला सराव आणि रोज पाच तास शाळेत झालेला सराव यांची तुलनाच होऊ शकत नाही.

नेतृत्व म्हणजे नवे पद का?

नुसते पद निर्माण करून भागणार नाही. शाळेत नेतृत्व करणाऱ्या थेरपिस्टने चार गोष्टी हातात घ्याव्या लागतात.

पहिली, उद्दिष्ट. ते मुलगा किंवा मुलगी, पालक आणि वर्गशिक्षक यांच्यासोबत, साध्या मराठीत आणि मोजता येईल असे लिहायचे.

दुसरी, वेळापत्रक. गणिताच्या तासाला मुलाला थेरपीसाठी उठवायचे की नाही, हा निर्णय मुख्याध्यापकांसोबत आधी व्हायला हवा. परिपाठ, शालेय पोषण आहार, मैदान आणि स्वच्छतागृहापर्यंत जाणे या सगळ्या थेरपीच्याच जागा आहेत.

तिसरी, मोठ्यांचे प्रशिक्षण. केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत थेरपिस्टला नियमितपणे एक तास मिळाला, तर एका भेटीत अनेक शाळांपर्यंत पोहोचता येईल.

चौथी, हिशेब. १९६८ पासून वापरात असलेली ‘गोल अटेनमेंट स्केलिंग’ ही पद्धत त्यासाठी पुरेशी सोपी आहे. अपेक्षित प्रगतीला शून्य, त्याहून कमी असेल तर उणे एक किंवा उणे दोन, जास्त असेल तर अधिक एक किंवा अधिक दोन. प्रत्येक पायरीचा अर्थ आधीच लिहून ठेवायचा आणि तीन महिन्यांनी तपासायचे. त्यासाठी कागद आणि पेन पुरते.

मग शिक्षकांवर आणखी एक ओझे?

हा आक्षेप रास्त आहे. सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीची कामे यांतून शिक्षकाला उसंत मिळत नाही. ‘शिक्षकांना सांगून आलो’ एवढ्यावर थेरपिस्टने हात झटकले, तर ती फसवणूकच ठरेल. शिक्षकाला दिलेली सूचना वर्ग चालू असताना करता येईल अशी हवी आणि थेरपिस्टने परत येऊन ती चालते का, हे बघायला हवे.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. ‘वर्गातच थेरपी’ हे वाक्य पदे कापण्याचे निमित्त होऊ शकते. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या किंवा गिळायला त्रास होणाऱ्या मुलाला तज्ज्ञाचाच हात लागतो. ते काम शिक्षकावर ढकलणे धोक्याचे आहे. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय २०१२ च्या दुरुस्तीने दिला आहे. त्यांच्यापर्यंतही थेरपिस्टने पोहोचायचे असते. म्हणून थेरपिस्टला किती मुले सोपवली एवढेच न मोजता प्रवास, वर्गनिरीक्षण, प्रशिक्षण आणि नोंदी यांसह कामाचा पूर्ण भार मोजायला हवा. अमेरिकेतील थेरपिस्टच्या व्यावसायिक संघटना हीच मांडणी करत आल्या आहेत.

आता काय करता येईल?

देशातील पहिले ऑक्युपेशनल थेरपी प्रशिक्षण १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात, कमला निंबकर यांच्या पुढाकाराने सुरू झाले. ज्या राज्यात हा व्यवसाय देशात प्रथम रुजला, तिथे त्याला शाळेच्या वर्गात हक्काची जागा नसावी, हे शोभणारे नाही.

जिल्ह्यात एका अनुभवी थेरपिस्टकडे शालेय थेरपीची जबाबदारी आणि अधिकार एकत्र द्यावेत. आरोग्य पथकाची आणि शाळेची यादी एकत्र करावी. मासिक अहवालात सत्रांच्या संख्येशेजारी एकच रकाना वाढवावा : ‘या महिन्यात मूल वर्गातल्या कोणत्या नव्या गोष्टीत सहभागी झाले?’ शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. समितीच्या बैठकीत त्यांनीही हाच प्रश्न विचारावा. त्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही.