मत डिकीला

तर झालं असं, की परवा रविवारी आमचे चि. भाचेबुवा घरी आले आणि चहा व्हायच्या आत मोबाईल माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "मामा, बघ. फायनल केलीय." लाल गाडी. आय-ट्वेंटी एन लाइन. एक लिटरचं टर्बो इंजिन, १२० पीएस, मागे सायलेन्सरच्या दोन नळ्या, आत लाल दोऱ्याची शिलाई. मी एवढंच विचारलं, "डिकी केवढी आहे?"

त्यावर त्याने ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेला हे उत्तर. ताई, तू वाचशीलच. दाजींनाही वाचून दाखव, विषय त्यांचाच आहे.

आधी कबुली देतो, नाहीतर म्हणाल म्हाताऱ्याला गाड्यांतलं काय कळतं. मला वेगवान छोट्या गाड्या मनापासून आवडतात. आणि येरवड्यात राहून न आवडून सांगता कोणाला! आमच्या नगर रोडने सरळ पूर्वेला जा, रांजणगाव लागतं. तिथे फियाटची अबार्थ पुंटो बनली, २०१५ साली आलेली, १४५ पीएसची. विश्रांतवाडीवरून आळंदी रोडने वर जा, चाकण. तिथली पोलो जीटी टीएसआय म्हणजे २०१३ नंतर पुण्यातल्या निम्म्या तरुण इंजिनियरांचं स्वप्न. पोलो २०२२ मध्ये बंद झाली तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं. एका मित्राच्या अबार्थमध्ये बसून एकदा पसरणीचा घाट चढलोय. वर पाचगणीला पोचलो तेव्हा दोघंही शाळकरी पोरांसारखे हसत होतो. त्या हसण्याची किंमत मी नाकारत नाही.

पण माझ्या दारात उभी आहे २००६ सालची इंडिगो मरीना. डिझेल. पिंपरीची. स्टेशन वॅगन म्हणजे काय हे आता पोरांना सांगावं लागतं, म्हणून सांगतो: सेडानचं छप्पर मागे शेवटपर्यंत नेलं आणि डिकीला उभं दार लावलं की झाली वॅगन. चालवायला कारसारखी, पोटात टेम्पोसारखी. आपल्याकडे वॅगन म्हटलं की लोक वॅगन आर समजतात, त्याला इलाज नाही :)

ही जात आपल्याकडे का मेली? भाचा म्हणतो, "दिसायला ॲम्ब्युलन्ससारखी, म्हणून." हे अर्धसत्य आहे. दिसण्यावरून नाकं मुरडली गेली हे खरंच. टाटांनी १९९२ मध्ये इस्टेट काढली, मारुतीने बलेनो अल्तुरा आणली, फियाटची सिएना वीकेंड, ओपेलची कोर्सा स्विंग, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी... एकेक करून सगळ्या गेल्या. पण मरीनाच्या पिढीला खरा दणका दिला तो सरकारी फूटपट्टीने. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ वर आला. छोटी म्हणजे कोणती? लांबी चार मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५००. माझ्या मरीनाचं डिझेल इंजिन १४०५ सीसी, म्हणजे इंजिन पास! नापास झाली ती लांबीत, जेमतेम वीतभर. पुढे २००८ मध्ये टाटांनी काय केलं? त्याच इंडिगोचं बूड कापलं, चार मीटरच्या आत बसवली आणि इंडिगो सीएस म्हणून विकली. तेव्हापासून सगळा देश बुडं कापलेल्या गाड्यांतून हिंडतोय. बॅगा मांडीवर.

आणि हे अजून चालू आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले. चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाला १८ टक्के, बाकीच्यांना ४०. म्हणजे भाच्याची १२० पीएसची लाल परी १८ टक्क्यांत, आणि माझी साठ-सत्तर घोड्यांची बैलगाडी आज नवीन काढली तर ४० टक्क्यांत. वेगाला सवलत, डिकीला दंड. हे धोरण ज्याने आखलं त्याने कधी सासुरवाडीहून आंब्याच्या पेट्या आणल्या नसाव्यात.

(वॅगन हवीच असेल तर मिळत नव्हती असं नाही. व्होल्वोने २०१७ मध्ये व्ही-नाइंटी क्रॉस कंट्री आणली होती. साठ लाख फक्त.)

असो. भाच्याचा खरा मुद्दा हिशेबाचा आहे, आणि तो फालतू नाही. तो म्हणतो, "मामा, मोठी डिकी वर्षातून किती वेळा लागते? चारदा? चारदा टॅक्सी करीन. बाकीचे ३६१ दिवस मजेत चालवीन."

ठीक. आता तोच हिशेब १२० पीएसला लाव. गुंजन चौकातून शास्त्रीनगर चौकापर्यंत संध्याकाळी सहा वाजता तिसरा गिअर पडला तर मी पेढे वाटीन. ते १२० घोडे ३६१ दिवस तबेल्यात उभे राहून पेट्रोल खाणार. त्यांचेही दिवस वर्षातून चारच, पावसाळा संपल्यावर एखाद्या पहाटेचा रिकामा घाट. म्हणजे दोन्ही गाड्या चार दिवसांसाठीच घ्यायच्या आहेत. प्रश्न एवढाच की कुठले चार दिवस. घाटातली पहाट पुढच्या रविवारवर ढकलता येते. डिकीचा दिवस विचारून येत नाही.

एप्रिल २०२१ आठवा. पुण्यात ऑक्सिजनसाठी लोक वणवण फिरत होते. त्या तीन आठवड्यांत आमच्या सोसायटीतल्या चार घरांसाठी मरीनाने सिलिंडर वाहिले. मागची सीट पाडायची, सतरंजी अंथरायची, सिलिंडर आडवा ठेवून दोरीने करकचून बांधायचा. टॅक्सीवाले सिलिंडर बघूनच नाही म्हणायचे, त्यांचं चूक नव्हतं. त्या चारांपैकी एक काकू राहिल्या नाहीत. तीन घरी आहेत, जिन्यात भेटतात. गाडीने कोणाला वाचवलं असं मी म्हणत नाही. ती होती आणि तिच्यात जागा होती, इतकंच.

भाच्याचा दुसरा मुद्दा: ताकदवान गाडी जास्त सुरक्षित, ओव्हरटेक पटकन होतो. ओव्हरटेकपुरतं मान्य. पण ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, ४० ला ११. विचार करण्यात एक सेकंद गेला तर तेवढं अंतर ब्रेकवर पाय पडायच्या आधीच संपलं. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. टर्बोने यात काही फरक पडत नाही, गल्लीतून अचानक आलेल्या रिक्षाला तर नाहीच नाही.

इथे मला १९ मे २०२४ ची रात्र आठवते. कल्याणीनगरला पोर्शेने मोटारसायकलवरच्या दोन तरुण इंजिनियरांना उडवलं. गुन्हा आमच्या येरवडा पोलीस ठाण्यात नोंदला गेला, आणि बाल न्याय मंडळाच्या जामिनाच्या अटींमध्ये तो ३०० शब्दांचा निबंध होता, ज्यावरून देशभर संताप उसळला. भाचा म्हणेल, "मामा, त्याचा माझ्याशी काय संबंध?" काही नाही, बाळा. तू शहाणा मुलगा आहेस. पण त्या रात्रीपासून उशिरा कुठे इंजिन किंचाळलं की तुझी मामी उठून बसते आणि आपली पोरं घरात आहेत ना ते मोजते. ती नळ्यांची जोडी ज्या आवाजासाठी बसवलीय, तो आवाज आमच्या भागात आता कोणाला मजेचा वाटत नाही.

मरीना घे असं मी मुळीच म्हणत नाही. म्हातारी झालीय, धूर सोडते, २०२१ मध्ये री-पासिंग करून घेतली तेव्हाच लाज वाटली होती. नवी वॅगन तुझ्या बजेटात नाही हेही खरं. पण ट्रायबर आहे. हसू नकोस. चार मीटरच्या आत आहे, तिसरी रांग काढली की ६२५ लिटरची डिकी. तुझ्या आय-ट्वेंटीची ३११. इंजिन ७२ पीएसचं, घाटात धापा टाकेल. टाकू दे.

कारण सोमवारी मी एक उद्योग केला. शेजारच्यांची साधी आय-ट्वेंटी आहे, डिकी तुझ्या गाडीएवढीच. दाजींची व्हीलचेअर घडी करून तिच्यात ठेवून पाहिली. उभी बसत नाही, आडवी बसत नाही. मागची सीट पाडली की बसते, पण मग ताई कुठे बसणार? फिजिओथेरपीला आठवड्यातून तीनदा जायचंय, वर्षातून चारदा नाही. आजवर रिक्षाच्या मागे दोरीने बांधून नेलीय ती खुर्ची. दाजी त्याबद्दल एक शब्द बोललेले नाहीत, आणि मला वाटतं तुझ्या लाल गाडीबद्दलही बोलणार नाहीत. उलट कौतुकच करतील.

शनिवारी अकराला टेस्ट ड्राइव्ह आहे ना? मी शोरूममध्ये फोन करून सांगितलंय की आम्ही व्हीलचेअर घेऊन येतोय.