विश्लेषण : धोकादायक कारखाना थांबवायचा कोणी?

पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे ८ डिसेंबर २०२३ रोजी वाढदिवसाच्या केकवर लावायच्या शोभेच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली. सहा महिला कामगारांचा जागीच मृत्यू झाला. उपचारादरम्यान मृतांची संख्या पुढे आणखी वाढली. हा कारखाना विनापरवाना सुरू होता. कायद्याने दिलेले तपासणीचे आणि टाळे ठोकण्याचे अधिकार अशा वेळी कुठे अडतात? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमुळे त्यात काय बदलले?

अधिकार कोणाकडे?

एकाच कारखान्यावर अनेक यंत्रणांची नजर असणे अपेक्षित आहे. कामगारांची सुरक्षा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहते. आगीबाबत २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्याची अंमलबजावणी शहरात महापालिकेचे अग्निशमन दल करते. चाकणसारख्या औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसीची स्वतंत्र अग्निशमन यंत्रणा आहे. शोभेच्या दारूला स्फोटके कायद्याखाली परवाना लागतो. साठ्याच्या प्रमाणानुसार तो जिल्हा प्रशासन किंवा केंद्राची ‘पेसो’ ही संस्था देते. सांडपाणी आणि धूर हा प्रदूषण नियंत्रण मंडळाचा विषय असून, मंडळ वीज-पाणी तोडण्याचेही आदेश देऊ शकते.

अधिकारांची वानवा नाही. मात्र या बहुतेक यंत्रणांचे काम अर्ज, नोंदणी किंवा तक्रारीपासून सुरू होते. ज्याने अर्जच केला नाही, तो कारखाना कोणाच्याच यादीत येत नाही.

संहितेने काय बदलले?

१९४८ च्या कारखाने कायद्याची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली आहे. निरीक्षक आता ‘निरीक्षक तथा सुविधाकार’ झाला आहे. तपासणीबरोबरच मालक व कामगारांना नियम समजावून सांगणे हेही त्याचे काम आहे. आवारात शिरणे, कागदपत्रे जप्त करणे, छायाचित्रे घेणे आणि अपघाताची चौकशी करणे हे अधिकार कायम आहेत. तपासणीसाठी कारखान्यांची निवड संगणकीय पद्धतीने करण्याची तरतूद आहे.

जिवाला धोका दिसल्यास काम थांबवण्याचा अधिकारही टिकला आहे. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये तो जुन्या कायद्यात आला होता.

दंड मात्र वाढला आहे. नियमभंगामुळे मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. दंडाची किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. जुन्या कायद्यात मृत्यूच्या प्रकरणात किमान दंड २५ हजार रुपये होता.

छोट्या युनिटचे काय?

जुन्या मूळ कायद्यानुसार विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा आणि विजेविना २० कामगार असले, की ‘कारखाना’ ठरत असे. संहितेत हे आकडे २० आणि ४० आहेत. सुरक्षेच्या सर्वसाधारण तरतुदी दहा कामगारांच्या आस्थापनेपासून लागू होतात. त्याहून लहान ठिकाणी काम जीवघेणे असेल, तर एक कामगार असला तरी सरकार अधिसूचना काढून संहिता लागू करू शकते. त्यासाठी तिथे असे काम चालते, हे आधी सरकारला ठाऊक असावे लागते. भोसरी, तळवडे, चिखली-कुदळवाडी भागातील भाड्याच्या शेडमध्ये कामाचे स्वरूप ऑर्डरनुसार बदलते. अडचण नेमकी इथेच आहे.

कामगार काय करू शकतो?

प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे आता बंधनकारक आहे. अपघातानंतर ‘हा आमचा कामगारच नाही’ असे म्हणणे त्यामुळे अवघड होईल. गंभीर धोका जाणवल्यास कामगार मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवू शकतो. मालकाला धोका मान्य नसेल, तर त्याने प्रकरण निरीक्षकाकडे पाठवायचे आणि निरीक्षकाचा निर्णय अंतिम.

म्हणजे कामगाराला सांगण्याचा अधिकार आहे. निर्णय येईपर्यंत काम सोडून बाजूला होण्याचा स्पष्ट अधिकार नाही. फ्रान्सच्या कामगार संहितेत तो आहे. गंभीर आणि तातडीचा धोका असल्याचे वाजवी कारण असेल, तर कामगार जागा सोडू शकतो आणि त्याबद्दल त्याचा पगार कापता येत नाही. फ्रान्सने २०१७ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. तिथल्या बड्या कंपन्यांना उपकंपन्या आणि पुरवठादारांकडील सुरक्षेच्या धोक्यांचाही आराखडा प्रसिद्ध करावा लागतो. चाकण परिसरातून परदेशी कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांकडे अशा कायद्यांमुळे सुरक्षेची कागदपत्रे मागितली जाऊ शकतात. स्थानिक दुकानांसाठी माल बनवणाऱ्या शेडपर्यंत मात्र ही साखळी पोहोचत नाही.

पुढे काय?

भारताने १९४९ मध्ये मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या ८१ व्या करारानुसार निरीक्षकाला पूर्वसूचना न देता कारखान्यात जाता आले पाहिजे. संगणकाने निवडलेली तपासणी या तत्त्वाशी जुळते. पण संगणक नोंद असलेल्याच कारखान्यांतून निवड करतो. वीजजोडणी, मालमत्ता कर आणि जीएसटी यांच्या नोंदी सुरक्षा विभागाच्या यादीशी ताडून पाहिल्या, तर नोंदणी नसलेले अनेक कारखाने समोर येऊ शकतील. शेडचे वीजबिल दर महिन्याला निघते. त्या शेडमध्ये काय बनते, हे विचारण्याची जबाबदारी एका ठरावीक विभागावर टाकली, तरच टाळे ठोकण्याचा अधिकार दुर्घटनेआधी वापरला जाईल.